खरा मेल स्पॅममध्ये का अडकतो?

विचारणा थोडक्यात अशी: पंधरा-वीस माणसांची कंपनी, स्वतःचं डोमेन, मेल आणि वेबसाइट दोन्ही एकाच शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर). ग्राहकानं स्वतः मागितलेलं कोटेशन पाठवलं तरी जीमेलवर ते स्पॅममध्ये पडतं. एक-दोन मोठ्या कंपन्यांकडून तर मेल परतच येतो. वेबसाइटच्या फॉर्ममधून केलेली चौकशी कधी पोचते, कधी नाही. विषयाची ओळ बदलली, ‘ऑफर’ आणि ‘डिस्काउंट’ हे शब्द काढले, सहीतला लोगो काढला, फरक शून्य.

फरक पडणारच नव्हता. फिल्टर म्हणजे मजकूर वाचून शिक्का मारणारा कारकून, ही समजूत वीस वर्षं जुनी झाली. आज आधी बघतात की पाकीट कुणी आणून दिलं, ज्याच्या नावानं आलंय त्यानं याला खरंच पाठवलंय का, आणि हा आणून देणारा आजवर कसा वागलाय. चिठ्ठी उघडायची वेळ त्यानंतर येते. म्हणून शब्द खोडत बसण्याआधी सर्व्हरनं दिलेला कोड आणि मेलचं हेडर (मजकुराच्या वर दडलेल्या, मेलच्या प्रवासाच्या नोंदी) वाचायचं. उत्तर बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

दोन सर्व्हर बोलतात तेव्हा काय होतं ते क्रमानं बघा. तुमचा सर्व्हर समोरच्याच्या २५ नंबर पोर्टला जोडला जातो. त्या क्षणी समोरच्याला खात्रीनं एकच गोष्ट कळते, ती म्हणजे तुमच्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, आयपी अ‍ॅड्रेस. तो आयपी काळ्या याद्यांत (बदनाम आयपींच्या याद्यांत) आहे का आणि त्याला उलटं नाव, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, आहे का हे लगेच तपासलं जातं. मग तुमचा सर्व्हर ‘एहेलो’ म्हणून आपलं नाव सांगतो. पुढे ‘मेल फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता, ‘आरसीपीटी टू’मध्ये घेणाऱ्याचा. एवढं पार पडलं की ‘डेटा’ म्हणायचं आणि मग हेडर, मजकूर, जोडलेली पीडीएफ जाते. ‘डेटा’च्या आधी नकार आला असेल तर तुमच्या कोटेशनचं एक अक्षरही समोर गेलेलं नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ‘मेल फ्रॉम’मधला पत्ता आणि ग्राहकाला दिसणारा ‘फ्रॉम’ हे दोन वेगळे असू शकतात. पहिला पाकिटावरचा, दुसरा आतल्या कागदाच्या लेटरहेडवरचा. शेअर्ड होस्टिंगवर वेबसाइटनं पाठवलेल्या मेलच्या पाकिटावर पुष्कळदा होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव असतं आणि लेटरहेडवर तुमचं डोमेन. माणसाला यात काही वावगं दिसत नाही. फिल्टरला दिसतं.

आता परत आलेला मेल. ‘डिलिव्हरी फेल्ड’ पाहून तो डिलीट करू नका; त्यात पाचशे-काहीचा आकडा आणि त्याच्यामागे ठिपक्यांनी जोडलेला तीन भागांचा आकडा असतो, तो खरा मुद्दा. ४ नं सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नको, नंतर ये’. ५ नं सुरू होणारा म्हणजे ‘नको’. ‘५५० ५.१.१’ म्हणजे असा पत्ताच नाही. याचा स्पॅमशी संबंध नाही, स्पेलिंग तपासा. ‘४५२ ४.२.२’ म्हणजे समोरची पेटी भरली. जीमेलचा ‘५५० ५.७.२६’ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. ‘५५० ५.७.२५’ म्हणजे पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर नाही. ‘४२१ ४.७.२८’ म्हणजे या वाटेनं फार मेल येताहेत, वेग कमी करा. मायक्रोसॉफ्टकडून ‘५५० ५.७.५१५’ आला तर मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांसाठीच्या ओळखीच्या अटी तुम्ही पुऱ्या करत नाही. नुसतं ‘५.७.१’ हे मोघम उत्तर. त्याच्यापुढचं वाक्य आणि त्यातली लिंक वाचावीच लागते.

चारच्या कोडला बरेच जण हकनाक घाबरतात. ग्रेलिस्टिंग नावाचा एक जुना उपाय आहे: अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला मुद्दाम ‘४५१’ देऊन परत पाठवायचं. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळानं पुन्हा येतो, स्पॅम ओतणारा प्रोग्रॅम सहसा येत नाही. ग्रेलिस्टिंग करणाऱ्या पोस्टग्रे या प्रोग्रॅममध्ये हा थांबा मुळात ३०० सेकंदांचा असतो. पोस्टफिक्ससारखा सर्व्हर न गेलेला मेल ५ दिवस रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतो, म्हणून कोटेशन पाच-दहा मिनिटं उशिरा पोचतं आणि कुणाला काही कळतही नाही. पण एखादी घरगुती स्क्रिप्ट थेट समोरच्या सर्व्हरशी बोलून ओटीपी पाठवत असेल आणि तिला रांग नावाची गोष्टच माहीत नसेल, तर पहिल्या ‘४५१’ला तो ओटीपी कायमचा गेला.

ओळखीकडे येऊ, कारण वर सांगितलेल्या लक्षणांत हेच पहिलं संशयित आहे.

एसपीएफ म्हणजे तुमच्या डीएनएसमधली (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतली) एक टीएक्सटी ओळ: आमच्या डोमेनचं पाकीट घेऊन यायची परवानगी या या सर्व्हरना आहे. साधारण ‘व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:… ~ऑल’ असा साचा (इथे नागरीत लिहिलाय; डीएनएसमध्ये रोमनच टाकायचा). एक, अशी ओळ डोमेनला एकच हवी. होस्टिंगवाल्यानं एक टाकलेली असते, मग बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना त्यांचा माणूस ‘ही ओळ टाका’ म्हणतो आणि कुणीतरी दुसरी टाकतं. दोन ओळी झाल्या की निकाल ‘पर्मएरर’, म्हणजे एकही नसल्यासारखं. दोन्ही एका ओळीत एकत्र करायच्या. दोन, ही ओळ तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारण्याची मुभा आहे, आणि ‘इन्क्लूड’च्या आत असलेले ‘इन्क्लूड’ही त्यात मोजले जातात. मेल एकाकडे, बिलिंग दुसऱ्याकडे, न्यूजलेटर तिसऱ्याकडे, सपोर्टची तिकिटं चौथ्याकडे अशी व्यवस्था असली की दहाचा आकडा बघता बघता ओलांडला जातो. गंमत म्हणजे हे तुमच्या हातून न होताही घडतं: एखाद्या सेवेनं तिच्या बाजूला दोन ‘इन्क्लूड’ वाढवले की कालपर्यंत बरं चाललेलं आज बिघडतं. वापरात नसलेल्या सेवा काढून टाका. ‘ए’ आणि ‘एमएक्स’ सवयीनं लिहिलेले असतात, तेही मोजले जातात. गरज नसेल तर तेही काढा. ‘आयपी४’नं थेट लिहिलेला पत्ता मात्र मोजला जात नाही.

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता तपासतं, लेटरहेड नाही. म्हणून ‘एसपीएफ पास’ दिसलं तरी हुरळून जाऊ नका; पास कुणाच्या डोमेनसाठी झालं ते बघा.

डीकेआयएम ही सही. पाठवणारा सर्व्हर काही हेडर आणि मजकूर यांच्यावर खासगी किल्लीनं सही करतो, डीएनएसमध्ये सार्वजनिक किल्ली असते, समोरचा ताडून पाहतो. किल्ली २०४८ बिटची घ्या. इथे एक हमखास होणारी चूक: टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही, आणि २०४८ बिटची किल्ली त्याहून लांब असते. ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकावी लागते. काही डीएनएस पॅनेल हे आपोआप करतात, काही मुकाट्यानं शेपूट कापतात. सेव्ह केल्यावर रेकॉर्ड बाहेरून विचारून पूर्ण आलंय का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी चूक ऑफिसातच होते. सही झाल्यानंतर मेल एखाद्या गेटवेतून (वाटेतल्या तपासणीच्या सर्व्हरमधून) जातो आणि तो तळाशी ‘हा मेल गोपनीय आहे…’ छापाची पाच ओळींची सूचना चिकटवतो. मजकूर बदलला, सही मोडली. हेडरमध्ये ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ दिसलं की शंभरातल्या नव्वद वेळा अशी काहीतरी चिकटपट्टी शोधायची. सही सगळ्यात शेवटी व्हायला हवी.

डीमार्क या दोघांना लेटरहेडशी जोडतं. एसपीएफ किंवा डीकेआयएम, दोघांतलं एक तरी पास हवं आणि ते दिसणाऱ्या ‘फ्रॉम’च्याच डोमेनसाठी हवं. नसेल तर काय करायचं हे तुम्ही सांगता: ‘पी=नन’ म्हणजे फक्त कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत. सुरुवात ‘नन’नंच करा आणि ‘आरयूए’मध्ये अहवालांसाठी एक पत्ता द्या. रोज एक्सएमएल फायली येतील. दोन-चार आठवडे त्या वाचा. तुमच्या नावानं कोण कोण मेल पाठवतंय याची यादी त्यात मिळते, आणि विसरलेलं एखादं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर त्यात हमखास निघतं. ते सगळे नीट झाले की मग ‘क्वारंटाइन’. कुणाच्या सांगण्यावरून पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावणाऱ्यांचे स्वतःचेच मेल परत येतात, आणि त्याचा दोष ते पुन्हा स्पॅम फिल्टरला देतात.

हे सगळं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. गूगल आणि याहूनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू करायला घेतलं: जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत. छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक, आणि पीटीआर हवाच. मायक्रोसॉफ्टनं आउटलूकच्या वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२५ पासून तसाच नियम आणला. तुम्ही दिवसाला पन्नास कोटेशनं पाठवत असाल तरी तिन्ही करून टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

फॉर्मचं कोडं यातून लगेच सुटतं. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये ग्राहक आपला पत्ता भरतो आणि स्क्रिप्ट तोच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून तुम्हाला मेल पाठवते, म्हणजे ‘रिप्लाय’ दाबलं की थेट त्याला उत्तर जाईल. सोयीचं आहे, पण मेल प्रत्यक्षात निघतो तुमच्या होस्टिंगमधून. याहूनं एप्रिल २०१४ मध्येच आपलं धोरण ‘रिजेक्ट’ केलं. म्हणजे याहूचा पत्ता भरणाऱ्याची चौकशी म्हणजे याहूच्या लेखी तोतयाचा मेल, आणि नियम पाळणारा सर्व्हर ती टाकूनच देणार. जीमेलचं धोरण त्या मानानं सैल, त्यामुळे जीमेलवाल्याची चौकशी एखाद वेळी आत शिरते. ‘कधी पोचते, कधी नाही’ याचं कारण नशीब नव्हे, भरणाऱ्याचं डोमेन.

उपाय: ‘फ्रॉम’मध्ये कायम तुमच्याच डोमेनचा पत्ता, उदाहरणार्थ ‘वेबसाइट@’ असा वेगळा, आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. शिवाय वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर तिला पीएचपीच्या (वेबसाइट ज्या भाषेत चालते तिच्या) साध्या मेल फंक्शनवर सोडू नका. एसएमटीपी प्लगइन घालून ५८७ पोर्टवरून, युजरनेम-पासवर्डनं, तुमच्या खऱ्या मेल सर्व्हरमार्फत पाठवा, म्हणजे डीकेआयएमची सहीही होते. पुढे कधी मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे हलवलात आणि वेबसाइट इथेच ठेवलीत, तर सीपॅनेलमधलं (होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरचं) ‘ईमेल राउटिंग’ ‘रिमोट’ करायला विसरू नका. नाहीतर होस्टिंगला वाटतं की या डोमेनच्या पेट्या आपल्याकडेच आहेत, आणि फॉर्मचे मेल कुणी न उघडणाऱ्या जुन्या पेटीत साठत राहतात. स्पॅम फिल्टरला याचा पत्ताही नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

फॉरवर्डिंगचंही असंच. ग्राहकानं कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा पत्ता दिलाय आणि तिथून मेल आपोआप जीमेलवर जातो. तर जीमेलला आणून देणारा दिसतो तो कॉलेजचा सर्व्हर, जो तुमच्या एसपीएफमध्ये नाही. एसपीएफ इथे मोडणारच. मजकुराला हात लागला नसेल तर डीकेआयएमची सही मात्र टिकते, आणि तेवढ्यावर मेल तरतो. नुसत्या एसपीएफवर विसंबू नये ते यासाठी.

आता वागणुकीचा हिशेब. शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपीवरून शेकडो डोमेन मेल पाठवतात. शेजाऱ्याची वेबसाइट हॅक होऊन रात्रभर स्पॅम ओकली तर सकाळी तुमचंही नाव खराब. आयपी स्पॅमहाउस या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या झेन या एकत्रित यादीत आहे का ते त्यांच्या साइटवर पाहता येतं. त्यातली यादी कोणती हे महत्त्वाचं, कारण प्रत्येकीचा अर्थ वेगळा. एसबीएल म्हणजे स्पॅमशी थेट संबंध आढळला. एक्सबीएल म्हणजे त्या आयपीमागचं एखादं मशीन बाधित आहे. नाव काढून घेण्याआधी ते मशीन शोधा, नाहीतर दोन दिवसांत पुन्हा तिथेच. पीबीएल हा आरोप नाहीच. तो म्हणतो की हा घरगुती किंवा ऑफिसच्या ब्रॉडबँडचा पत्ता आहे, इथून थेट मेल निघायला नको.

पीबीएलमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो ऑफिसातला स्कॅनर-प्रिंटर. ‘स्कॅन टू ईमेल’ लावताना कुणीतरी त्यात पोर्ट २५ टाकून थेट पाठवायला सांगितलेलं असतं. ऑफिसातल्या ऑफिसात जातं, बाहेरच्या सीएला पाठवलं की परत येतं. यादीतून आयपी काढायची खटपट करू नका. प्रिंटरला ५८७ पोर्ट, तुमचा मेल सर्व्हर आणि एक स्वतंत्र खातं द्या, विषय संपला. स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही. ‘इतके डॉलर भरा, लगेच काढतो’ म्हणणाऱ्या यादीत नाव दिसलं तर दुर्लक्ष केलेलं बरं.

आणि चूक नेहमी पाठवणाऱ्याचीच असते असं नाही. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिनं प्रत्येक आयपीला ‘हो, हा यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ज्यांनी ती काढली नव्हती त्यांच्याकडे सगळा खरा मेल अडला. सॉर्ब्ज ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली; तिचं नाव अजूनही कुठेतरी जुन्या कॉन्फिगमध्ये असेल. याहून फसवा प्रकार असा: स्पॅमहाउसला गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर ते ‘१२७.२५५.२५५.२५४’ हे उत्तर देतं. त्याचा अर्थ ‘अशा वाटेनं विचारू नका’. पण ज्या सर्व्हरला ‘काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत आहे’ एवढंच शिकवलंय, तो दिसेल त्याला परत पाठवतो. एखाद्याच ठिकाणाहून मेल परत येत असेल, नकारात स्पॅमहाउसचं नाव असेल, आणि स्पॅमहाउसच्या साइटवर तुमचा आयपी स्वच्छ असेल, तर समोरच्या अ‍ॅडमिनला हेच सांगा: उत्तर १२७.०.० नं सुरू होत असेल तरच नकार दे, आणि स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) वापर.

नव्या डोमेनला मुळात कमीच पत असते. काल घेतलेल्या डोमेनवरून आज हजार जणांना दिवाळीच्या शुभेच्छा गेल्या तर त्या स्पॅमच ठरणार, मजकूर कितीही सात्त्विक असो. पहिले काही आठवडे रोजचा पत्रव्यवहारच करा, संख्या हळूहळू वाढवा.

पत घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग बीसीसी. सोसायटीचं वार्षिक सभेचं पत्र, माजी विद्यार्थ्यांचं आमंत्रण, डीलरांना नवा दर: चारशे पत्ते बीसीसीत टाकले आणि पाठवले. त्यातले चाळीस बंद पडलेले, काही जणांना तुम्ही कोण हेच आठवत नाही, ते ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबतात. गूगलचं म्हणणं असं की तक्रारीचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. हजार मेल इनबॉक्समध्ये पोचले असतील तर ०.३ टक्के म्हणजे तीन माणसं. फक्त तीन. आणि तो डाग त्या एका पत्राला नाही, डोमेनला लागतो. उद्याचं कोटेशन त्याच डोमेनवरून जाणार असतं. म्हणून सामूहिक मेल वेगळ्या उपडोमेनवरून, त्यासाठीच्या सेवेतून पाठवा, आणि नाव काढायची एका क्लिकची सोय हेडरमध्येच ठेवा. विनंती आल्यावर दोन दिवसांत नाव निघायला हवं. फुकटच्या जीमेल खात्याला तसंही दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे.

एवढं सगळं बरोबर असूनही अडत असेल, तर मजकुराकडे वळायचं. शब्दांची भीती लोक समजतात त्यापेक्षा कमी आणि वेगळी असते. जुन्या शब्दशोध्या फिल्टरला इंग्रजी ‘स्पेशालिस्ट’च्या स्पेलिंगमध्ये ‘सियालिस’ हे औषध सापडायचं आणि डॉक्टरांचे मेल अडायचे. आज गुण मोजले जातात. स्पॅमअसॅसिन या फिल्टरमध्ये मुळात ५ गुण झाले की स्पॅम. एका शब्दानं तिथवर जाता येत नाही, पण एका चुकीच्या नियमानं जवळ पोचता येतं. १ जानेवारी २०१० ला तेच झालं. ‘तारीख फार पुढची आहे’ असा एक नियम होता आणि त्यात २०१० पासूनची सगळी सालं ‘फार पुढची’ धरलेली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मेलवर तीनहून जास्त गुण चढले, आणि थोडंसं कुठे काही उणं असलेले खरे मेल स्पॅममध्ये गेले.

मराठीत लिहिणाऱ्यांचा एक खास घोटाळा आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वर्डमधून कॉपी करून मेलमध्ये चिकटवतात. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की मेलमध्ये प्रत्यक्ष जातं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. फिल्टर फॉन्ट पाहत नाही, अक्षरं पाहतो. त्याला दोन पानं निरर्थक इंग्रजी दिसतं, जसं स्पॅमवाले फिल्टरला गुंगवायला मुद्दाम घालतात. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्या ग्राहकालाही तेच दिसतं. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पीडीएफ करून जोडा. विषयाची ओळ देवनागरीत असायला काहीच हरकत नाही, मात्र ती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं यूटीएफ-८ म्हणून नीट कोडित केलेली हवी. जीमेल, आउटलूक ते आपोआप करतात. पीएचपीच्या जुन्या स्क्रिप्टा कच्चे बाइट तसेच हेडरमध्ये ढकलतात. मग कुठे प्रश्नचिन्हांची रांग दिसते, कुठे मेलच अडतो.

आमंत्रणाची जेपीजी टाकून बाकी मेल कोरा ठेवणं हेही तसंच. चित्राच्या आत मजकूर लपवणं ही स्पॅमची जुनी युक्ती आहे. तारीख, वेळ, ठिकाण चार ओळीत लिहा आणि चित्र खाली जोडा.

लिंकमध्ये दोन गोष्टी. दिसणारा पत्ता एक आणि आतला दुसरा, किंवा छोट्या केलेल्या लिंका, हे टाळा. दुसरी गोष्ट कुणाच्या लवकर लक्षात येत नाही: प्रत्येकाच्या सहीत कंपनीच्या वेबसाइटची लिंक असते. ती वेबसाइट हॅक झाली आणि तिचं डोमेन धोकादायक साइटच्या यादीत गेलं, की ती सही असलेला प्रत्येक मेल अडतो, मग तो जीमेलवरून पाठवा नाहीतर कुठूनही. तोच मेल सही काढून पाठवून पाहा. गेला, तर मेल सोडा आणि वेबसाइट साफ करा.

जोडपत्रांत मॅक्रोवाली एक्सेल, एचटीएमएल फाइल आणि पासवर्डवाली झिप हे तिघे कायम संशयित, कारण पहिल्या दोन फसवणुकीत सर्रास वापरतात आणि तिसरीच्या आत पाहताच येत नाही. ईएक्सई फाइल झिपमध्ये लपवली तरी जीमेल अडवतं. आकाराचं गणितही लक्षात ठेवा: जोडपत्र बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) बदलून जातं आणि साधारण ३५ ते ३७ टक्के फुगतं. १९ एमबीची ड्रॉइंगची फाइल वाटेत २६ एमबीच्या आसपास होते आणि २५ एमबीच्या मर्यादेला अडते. १५ एमबीच्या वर गेलं की लिंक द्या.

आता तुमच्यापुरतं. आधी आउटगोइंग रांग पाहा: कुणाचं खातं फुटून रात्री मेल जात नाहीयेत ना. जात असतील तर पासवर्ड बदला, चालू सत्रं बंद करा आणि पेटीत गुपचूप लावलेले फॉरवर्डिंगचे नियम शोधून काढा. हे न करता बाकीचं करण्यात अर्थ नाही. मग एका जीमेल खात्यावर खरं, पीडीएफसह कोटेशन पाठवा. ‘टेस्ट’ एवढंच लिहिलेले कोरे मेल लागोपाठ वीस वेळा पाठवू नका, तेच स्पॅमसारखं दिसतं. संगणकावर मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचे निकाल येतात. तिन्हींपुढे ‘पास’ आणि डीकेआयएमपुढे तुमचंच डोमेन हवं. मेल स्पॅममध्ये गेला असेल तर वर जीमेल स्वतःच एका पट्टीत कारण लिहितं, तेही वाचा. तुमच्या वर्णनावरून डीकेआयएमपुढे काहीच नसेल किंवा होस्टिंगचं डोमेन असेल असा माझा अंदाज. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ या पानावर डीकेआयएम आणि एसपीएफ सुचवलेले असतात. मात्र डोमेनचं डीएनएस दुसरीकडे असेल तर तिथलं ‘रिपेअर’ बटण दाबून काही होत नाही, ओळी उचलून जिथे डीएनएस आहे तिथे टाकाव्या लागतात.

ज्या कंपन्यांकडून मेल परत येतो त्यांच्या आयटीला ‘आमचा मेल मिळत नाही’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येणार नाही. पाठवल्याची तारीख-वेळ टाइमझोनसह, दोन्ही पत्ते, मेसेज-आयडी आणि परत आलेल्या मेलमधली पूर्ण ओळ द्या. हे त्यांना फोनवरून किंवा दुसऱ्या पत्त्यावरून कळवा. त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर क्वारंटाइनमधल्या मेलचं हेडर मागून घ्या. त्यात ‘एससीएल’ (स्पॅमची पातळी) ५ किंवा ६ म्हणजे स्पॅम, ९ म्हणजे अगदी खात्रीनं. ‘सीएटी’पुढे (म्हणजे प्रकारापुढे) ‘स्पूफ’ असेल तर मामला ओळखीचा, ‘पीएचएसएच’ (फिशिंग) असेल तर बहुधा लिंक किंवा जोडपत्राचा. ‘कॉम्पऑथ=फेल’ (एकूण ओळखीचा निकाल नापास) आणि कारण ‘०००’ म्हणजे डीमार्क नापास; ‘००१’ म्हणजे तुमच्याकडे पुरेसे रेकॉर्डच नाहीत. त्यांनी तुमचं डोमेन सरसकट सोडायच्या यादीत घालावं असा आग्रह धरू नका. तसं केलं की तुमच्या नावानं बँक खातं बदलल्याचा खोटा मेलही त्यांच्या हिशेबनिसापर्यंत विनाचौकशी जाईल. घालायचंच असेल तर ‘डीमार्क पास असेल तर’ या अटीसह घालायला सांगा.

जीमेलवाल्या ग्राहकांना फोन करून स्पॅममधून मेल काढायला आणि ‘नॉट स्पॅम’ दाबायला सांगा. तिथे मेल ३० दिवसच राहतो, म्हणून हे याच आठवड्यात करा. रेकॉर्ड बदलल्यावर ते सगळीकडे पोचायला टीटीएलप्रमाणे (जुना रेकॉर्ड किती वेळ धरून ठेवायचा त्या आकड्याप्रमाणे) काही तास ते एखादा दिवस. ओळख पटायला लागते ती तेवढ्यातच. पत मात्र दोन-तीन आठवडे नीट, मोजका, उत्तरं येणारा पत्रव्यवहार झाला की सावरते. महिन्याभरानंतरही तिन्ही ‘पास’ असून मेल स्पॅममध्येच पडत असेल, तर शेअर्ड आयपी सोडा आणि मेल होस्टिंगपासून वेगळा करा.